वारंवारितेचा करार : महाराष्ट्रातील वीजजाळ्याच्या नियंत्रणाचा इतिहास

विजेच्या मोठ्या जाळ्यात निर्मिती आणि वापर यांचा मेळ दिवसाच्या शेवटी नव्हे, तर क्षणोक्षणी बसावा लागतो, कारण तारांतून वाहणारी वीज तिथे साठून राहत नाही. घरात दिवा लागतो त्याच क्षणी कुठल्या तरी जनित्रावर तेवढा भार वाढलेला असतो. हा मेळ बसला आहे की नाही हे सांगणारे माप म्हणजे वारंवारिता, अर्थात प्रत्यावर्ती प्रवाह एका सेकंदात किती आवर्तने पूर्ण करतो ती संख्या, आणि भारतात ती ५० हर्ट्झ ठरलेली आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जाळ्यातील सर्व जनित्रांचा वेग किंचित मंदावून वारंवारिता उतरते, आणि मागणी घटली की ती चढते. खळ्यात तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पातीत एखाद्या बैलाला स्वतःची वेगळी चाल धरता येत नाही, तसेच जाळ्याशी जोडलेल्या जनित्राला स्वतःची वेगळी वारंवारिता नसते. चंद्रपूरचा संच आणि कोयनेचा संच एकाच तालात फिरतात. नियंत्रण कक्षात रुळलेल्या बहुतेक संज्ञा या एका गोष्टीभोवती जमलेल्या आहेत. त्या वरकरणी निव्वळ तांत्रिक दिसत असल्या, तरी त्यांचा इतिहास पाहिला तर वीज कमी पडली असता कोणी सोसायचे आणि जास्त झाली असता कोणी थांबायचे, या भांडणांच्या तडजोडी त्यांत मुरलेल्या आढळतात. महाराष्ट्रात हे विशेष ठळकपणे दिसते, कारण इथे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर, कोळसा विदर्भात आणि मागणीचा सर्वांत दाट पुंजका मुंबई-पुण्याकडे आहे.

या इतिहासाचा पहिला टप्पा खोपोलीचा. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांत अडवलेले पावसाचे पाणी घाटाखाली सुमारे १,७०० फूट कोसळून पेल्टन चक्रे फिरवी आणि तिथली वीज एक लाख व्होल्टच्या वाहिनीने परळच्या ग्रहणकेंद्रात पोहोचे. तिचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्या, आणि गिरण्यांचा भार हा मोठा शिस्तबद्ध प्रकार होता : सकाळी भोंग्याबरोबर तो एकदम चढे, जेवणाच्या सुट्टीत खाली येई, संध्याकाळी उतरे आणि साप्ताहिक सुट्टीला जवळजवळ नाहीसा होई. दिवसभरातल्या या चढउताराची रेषा म्हणजे भार-आलेख, त्यातला सर्वोच्च बिंदू म्हणजे कमाल मागणी, आणि सरासरी मागणीचे कमाल मागणीशी असलेले प्रमाण म्हणजे भारांक. वीजगृह बांधावे लागते ते कमाल मागणीसाठी, परंतु पैसा मिळतो तो सरासरी खपावर. त्यामुळे भारांक हा शब्द अभियंत्यांइतकाच हिशेबनिसांच्याही तोंडी बसला. फेब्रुवारी १९२५ मध्ये मुंबईत विजेवर चालणारी लोकल धावू लागली, तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या गर्दीचा भार हा आलेखात नव्याने उमटला.

खोपोलीपाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजगृहे सुरू झाली, आणि तीन ठिकाणचे पाणी एका जाळ्यात आल्यामुळे कोणत्या तलावातून आज किती सोडायचे, हा रोजचा प्रश्न झाला. चार महिने पडलेला पाऊस पुढचे आठ महिने पुरवायचा असल्याने, तलावाची पातळी पाहून संचांचा कार्यक्रम ठरवण्याची पद्धत इथेच रुजली. भिऱ्याचे पाणी मुळशीच्या धरणाचे होते, आणि त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. गिरण्यांच्या कमाल मागणीसाठी कोणाची भातखाचरे बुडवायची, हा वाद वीजक्षेत्राच्या इतिहासात सहसा वेगळ्या प्रकरणात घातला जातो. वस्तुतः तो त्याच भार-आलेखाची दुसरी बाजू होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्यनिहाय मंडळांची चौकट आली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, तेव्हा मुंबईभोवतीचे टाटांचे जाळे, विदर्भातील कोळशावरची केंद्रे आणि गावोगावच्या छोट्या डिझेल कंपन्या यांचा मिळून एक प्रदेश व्हायचा होता. हा प्रदेश विजेच्या दृष्टीने एक केला तो कोयनेने. कोयनेचे पाणी पूर्वेकडे कृष्णेला जाण्याऐवजी बोगद्यांतून पश्चिमेला चिपळूणच्या बाजूस सोडले जाते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्याची वीज होते. पहिल्या टप्प्याचे संच १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात फिरू लागले, आणि चौथा टप्पा पूर्ण झाल्यावर प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट झाली. एकाच स्रोतावर किती विसंबायचे, याचा धडा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मिळाला : कोयनानगरच्या भूकंपात वीजगृह बंद पडले आणि मुंबईच्या कारखान्यांपर्यंत त्याचा हादरा पोहोचला.

कोयनेमुळे नियंत्रण कक्षाला पायाभूत भार आणि शिखरभार हा भेद प्रत्यक्षात पाळता येऊ लागला. कोळशाचा संच थंड अवस्थेतून चालू होऊन पूर्ण भाराला यायला कित्येक तास घेतो, म्हणून तो दिवसरात्र एकाच पट्टीत चालवलेला बरा. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलतो, म्हणून तो सकाळ-संध्याकाळच्या चढासाठी राखून ठेवायचा. परंतु कोयनेचे पाणी हवे तितके वापरता येत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा आहे, आणि हे वर्ष १ जूनपासून मोजले जाते. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ्याची मागणी चढत असताना पाण्याचा कोटा किती उरला आहे, हे पाहूनच संच चालवावे लागतात. कर्नाटक-आंध्रच्या सिंचनाशी निगडित असलेल्या तंट्याचा आकडा अशा रीतीने मुंबईच्या संध्याकाळच्या दिव्यांशी जोडला गेला.

राज्यातील हे सारे निर्णय जिथे घेतले जातात, ते कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोलीला आहे, आणि विदर्भाच्या बाजूचे उपकेंद्र नागपूरच्या अंबाझरीला. भार प्रेषण म्हणजे कोणत्या संचाने किती मेगावॉट द्यावेत आणि कोणत्या वाहिनीतून ते न्यावेत, याचा हुकूम देणे. संगणकाच्या पडद्यावर जाळ्याची स्थिती दिसू लागण्यापूर्वी हा हुकूम कॅरियर फोनवर जाई. उच्चदाबाच्या वाहिनीवरूनच, वेगळ्या उच्च वारंवारितेवर आवाज पाठवणारी ही यंत्रणा होती. दर तासाला प्रत्येक उपकेंद्रातील ऑपरेटर आपले आकडे सांगे आणि कक्षातील माणूस ते लॉगशीटवर उतरवून घेई. वाहिनी आपोआप सुटली तर नोंद ‘ट्रिप’ अशी होई आणि कक्षाच्या आदेशावरून हाताने उघडली तर ‘हँडट्रिप’ अशी. हा भेद महत्त्वाचा होता, कारण पहिल्या नोंदीचे उत्तर यंत्राला द्यावे लागे आणि दुसऱ्या नोंदीचे माणसाला.

राज्यांची जाळी एकमेकांना जोडण्याचा विचार १९६४ मध्ये प्रादेशिक विद्युत मंडळांच्या स्थापनेने सुरू झाला. पश्चिम विभागात त्याला जोर मिळाला तो तारापूरच्या अणुकेंद्राने, कारण १९६९ मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्राची वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोघांत वाटायची होती, आणि वाटायची तर दोन्ही राज्यांनी एका वारंवारितेत राहणे भाग होते. शेजाऱ्याशी जोडणी झाल्याने आधार मिळाला, पण त्याबरोबर ओढाताणही आली. केंद्रीय प्रकल्पांतील प्रत्येक राज्याचा वाटा कागदावर ठरलेला असला, तरी तारांना कागद कळत नाही. ज्याची मागणी जास्त तो जास्त ओढतो, आणि वारंवारिता मात्र सर्वांची मिळून उतरते. वाट्यापेक्षा जास्त वीज घेण्याला ‘ओव्हरड्रॉल’ म्हणतात. त्याबद्दल तारा-संदेश जात, बैठका होत, निषेध नोंदवले जात, आणि टंचाईच्या दिवसांत वारंवारिता ४८ हर्ट्झच्या आसपास घुटमळत राही. पावसाळ्यात किंवा मध्यरात्री, शेतीपंप बंद असताना, ती उलट ५१ च्या वर चढे, कारण तेव्हा आपला संच कमी करण्याची कोणाचीच तयारी नसे.

या काळात गव्हर्नर हा यंत्राचा भाग नावापुरताच उरला होता. गव्हर्नर म्हणजे वेग मंदावला की आपोआप जास्त वाफ किंवा पाणी सोडणारा आणि वेग वाढला की ते आवरणारा नियामक; जाळ्याचे पहिले संरक्षण तोच. २००० मध्ये भारतीय वीज ग्रिड संहिता अमलात आली तेव्हा तिने गव्हर्नर मोकळा ठेवण्याचे बंधन घातले, पण वारंवारिता इतकी हेलकावत असताना गव्हर्नर मोकळा ठेवला तर संचाची सतत हाणामारी होते, या कारणाने अनेक केंद्रांत तो अडवूनच ठेवला जाई. प्रत्येक केंद्राच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता आणि सर्वांच्या मिळून तो घातकी होता.

दाभोळचा वीजप्रकल्प या इतिहासात आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. त्याच्या पहिल्या टप्प्याचे ७४० मेगावॉट १९९९ मध्ये सुरू झाले, आणि दर, हमी व राजकारण यांवर रान उठले, ते सर्वज्ञात आहे. त्या करारात दर दोन भागांचा होता : केंद्र चालण्यास तयार असेल तर द्यायचा स्थिर आकार, आणि प्रत्यक्ष घेतलेल्या विजेमागे इंधनाचा चल आकार. नाफ्त्यावरची वीज चल आकारात महाग असल्याने ‘मेरिट ऑर्डर’मध्ये, म्हणजे स्वस्त संच आधी आणि महाग संच नंतर अशा उतरंडीत, दाभोळ खाली जाई आणि त्याला ‘बॅकिंग डाउन’, म्हणजे निर्मिती उतरवण्याचा, आदेश द्यावा लागे. स्थिर आकार मात्र चुकत नसे. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने तातडीने वीज मागितली तेव्हा करारात ठरलेल्या तीन तासांत केंद्र थंड अवस्थेतून पूर्ण भारापर्यंत आले नाही, असा दावा मंडळाने केला आणि सुमारे ४०० कोटी रुपयांचा दंड मागितला. कंपनीने तो नाकारला. संच किती मिनिटांत किती मेगावॉट चढतो, याला ‘रॅम्पिंग’ म्हणतात. तोवर शिफ्ट इनचार्जच्या वहीत राहणारी ही बाब वकिलांच्या टेबलावर गेली ती अशी.

ओव्हरड्रॉलच्या दुखण्यावर औषध निघाले ते पश्चिम विभागातच प्रथम लागू झाले. १ जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित दरपद्धती सुरू झाली. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडायचे, प्रत्येक भागासाठी प्रत्येक राज्याने किती वीज घ्यायची याचे वेळापत्रक आदल्या दिवशी ठरवायचे, आणि त्यापासून जो फरक पडेल त्याचा भाव त्या क्षणीच्या वारंवारितेवरून काढायचा, अशी ही युक्ती होती. आरंभी ५०.५ हर्ट्झला हा भाव शून्य होता आणि ४९ हर्ट्झला युनिटमागे ४ रुपये २० पैसे. वारंवारिता उतरलेली असताना जादा वीज ओढणाऱ्याला जबर दाम मोजावा लागे, आणि त्याच वेळी आपला वाटा सोडणाऱ्याला तोच दाम मिळे. निषेधाच्या तारांनी दोन पिढ्यांत जे साधले नाही ते या भावपत्रकाने काही महिन्यांत साधले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वारंवारिता बऱ्याच अंशी ठरलेल्या पट्ट्यात राहू लागली. नियंत्रण कक्षातल्या माणसाला मात्र आता एका डोळ्याने वारंवारिता आणि दुसऱ्याने पैसा पाहावा लागू लागला.

आदेश आणि दंड दोन्ही वरच्या थरावर ठरले, तरी तूट शेवटी कुठल्या तरी फीडरवरच, म्हणजे उपकेंद्रातून ग्राहकांकडे वीज नेणाऱ्या वाहिनीवरच, उतरते, आणि २००५ नंतरच्या वर्षांत महाराष्ट्राने भारनियमन हा शब्द घराघरांत शिकला. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, आणि भारनियमनाचे वेळापत्रक हा वर्तमानपत्रांचा नेहमीचा मजकूर झाला. ज्या फीडरवर वीजगळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधाराचे तास जास्त, असे सूत्र नियामक आयोगाच्या मान्यतेने आले. शेजारच्याने बिल भरले नाही म्हणून नियमित भरणाराही अंधारात बसे, ही त्यातली बोच होती. गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा करण्याची कामे याच काळात वेगाने झाली, म्हणजे गावातले दिवे चालू ठेवून पंपांचा पुरवठा आठ-दहा तासांवर आणता येई, आणि तोही बरेचदा रात्री.

या व्यवस्थेला शेतकऱ्याने दिलेले उत्तर म्हणजे ऑटोस्विच. रात्री दोनला वीज आली तर अंधारात, साप-बिबट्याच्या भीतीने विहिरीवर जायला नको, म्हणून स्टार्टरला एक छोटे उपकरण लावून ठेवायचे. पुरवठा आला की पंप आपोआप सुरू होतो. एका शेतकऱ्यापुरता हा उपाय बिनतोड आहे. परंतु शंभर पंप एकाच रोहित्रावर असतील आणि शंभरही ऑटोस्विचवर असतील, तर वीज आल्याच्या त्याच सेकंदाला सगळ्या मोटारी एकदम उचल खातात, आणि मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. एरवी सगळे जण एकाच क्षणी वीज वापरत नाहीत, या गृहीतावर रोहित्राची क्षमता ठरवलेली असते, आणि या विखुरलेपणाला भारविविधता म्हणतात. ऑटोस्विच ती पुसून टाकतो. ‘डीपी जळाली’, म्हणजे रोहित्र जळाले, ही ग्रामीण महाराष्ट्राची ओळखीची तक्रार, आणि ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवण्याचे महावितरणचे वर्षानुवर्षांचे आवाहन, ही दोन्ही या एका सेकंदातून निघाली आहेत.

दरम्यान देशाची जाळी एक होत होती. पश्चिम आणि पूर्व विभाग २००३ मध्ये एका वारंवारितेत आले, २००६ मध्ये उत्तर विभाग त्यांना मिळाला, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणही जोडली गेली. मध्यंतरी ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला. दोन्ही दिवशी पश्चिम विभागाकडे पाऊस झाल्याने वीज शिल्लक होती, उत्तरेकडे पाऊस नसल्याने पंप जोरात होते, आणि मधल्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर ताण आला. तिच्या संरक्षक रिलेने जादा भारालाच दोष समजून वाहिनी तोडली आणि पुढे एकेक दुवा सुटत गेला. घटनेच्या आधी वारंवारिता ठीकठाकच होती, हे यातले शिकण्यासारखे. संपूर्ण जाळ्याचा तोल ती सांगते, पण एखादी वाहिनी कुठे ताणली गेली आहे हे ती सांगत नाही, आणि ज्या भावपत्रकाने वारंवारिता सुधारली त्यालाही ते दिसत नव्हते. २०१४ मध्ये त्याच्या जागी विचलनाच्या प्रमाणालाच बंधन घालणारी पद्धत आली.

मुंबईने अशा प्रसंगांसाठी १९८० च्या दशकाच्या आरंभापासून एक वेगळी सोय बाळगली होती. तिला ‘आयलंडिंग’ म्हणतात : बाहेरचे जाळे कोसळू लागले की शहराचा भाग आपोआप तुटून वेगळा व्हायचा आणि तुर्भ्याचे औष्णिक संच व घाटाखालची जलविद्युत केंद्रे यांच्यावर तगायचा. ही युक्ती अनेकदा कामाला आली आणि मुंबईत वीज जात नाही, ही ख्याती तिने टिकवली. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास, कळवा-पडघे परिसरातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक सुटल्या, तेव्हा शहर वेगळे झाले खरे, पण आतली निर्मिती आतल्या मागणीला पुरली नाही आणि बेटही बुडाले. लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराची मागणी वाढत गेली आणि बाहेरून स्वस्त वीज मिळू लागल्याने आत महाग संच चालवणे कमी झाले, ही त्यामागची लांब पल्ल्याची कारणे. मेरिट ऑर्डरच्या हिशेबात काटकसर दिसते, विम्याचा हप्ता दिसत नाही.

त्याच वर्षी कोरोनाच्या टाळेबंदीत, ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवण्याचे आवाहन देशभर झाले, आणि देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली. अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. वारंवारिता मात्र ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली, कारण देशभरातील जलविद्युत संच आधी चढवून ठेवून ऐन वेळी झपाट्याने उतरवले गेले आणि मग तितक्याच वेगाने पुन्हा चढवले गेले. अशी उतरण आता अपवादाची राहिलेली नाही. सौर वीज दुपारी भरपूर येते आणि सूर्य कलताच नाहीशी होते, म्हणून संध्याकाळी इतर संचांना रोजच मोठी चढण चढावी लागते. शेतीपंपांचे फीडर सौर प्रकल्पांना जोडून दिवसा वीज देण्याची राज्याची योजना याच आलेखाला वळण देते, आणि शेतकऱ्याची रात्रपाळी त्यामुळे कमी होऊ शकते. उद्योगांच्या बिलात वेळेनुसार दराची पद्धत जुनी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या वापराला तिच्यात सूट असे, आणि भट्ट्यांचे कारखाने त्या हिशेबाने पाळ्या लावत. आता सूट दुपारकडे सरकली आहे आणि अधिभार संध्याकाळनंतरच्या तासांवर बसतो, तेव्हा या कारखान्यांना पाळ्यांचे वेळापत्रक नव्याने मांडावे लागत आहे.